बीसीजीची (क्षयाविरुद्धच्या लसीची) खूण उठली नाही म्हणून लस पुन्हा टोचू नका

‘बाळाच्या दंडावर खूण नसेल तर बीसीजी लागलीच नाही, परत टोचून घ्या,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. कार्डावर लस दिल्याची नोंद असेल तर खूण नसली तरी दुसरा डोस लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची भूमिकाही हीच आहे.

महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली लस डाव्या दंडावर, कातडीच्या थरातच देतात. सुई नीट बसली की संत्र्याच्या सालीसारखा फिकट फुगवटा येतो आणि थोड्या वेळात जिरतो. दोन-तीन आठवड्यांनी पुटकुळी येते, ती फुटते, वाहते, खपली धरते. हे नेहमीचेच आहे. त्यावर हळद, मलम, पावडर काही लावू नका, पू दाबून काढू नका. सुई खोल गेली तर मात्र काखेत गाठ येऊन पिकू शकते. ती डॉक्टरांनाच दाखवा.

खूण उठली म्हणून क्षयापासून कायमची सुटका, हाही गैरसमजच. बीसीजी मुख्यतः लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते. घरात कुणाला फुफ्फुसाचा क्षय झाला असेल तर लस घेतलेल्या बाळाचीही तपासणी करायलाच हवी.