एरिया कोड ६१५ फसला, असं म्हणणाऱ्यांना

अमेरिकेतल्या कंट्री-रॉकचा, म्हणजे कंट्री संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाचा, विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘नॅशव्हिलच्या भाडोत्री स्टुडिओ वादकांनी हौसेपोटी एरिया कोड ६१५ नावाचा बँड काढला. दोन रेकॉर्ड आल्या, त्याही दुसऱ्यांच्या गाण्यांच्या. खप नाही, बँड संपला. उरली एक टीव्हीची धून.’ रेकॉर्ड दोनच, १९६९ आणि १९७०च्या, आणि खप बेताचा, हे खरं. पुढचं पटत नाही.

‘भाडोत्री’ हा शब्द तर मला फार लागतो. याच बँडमधले चार्ली मॅकॉय, वेन मॉस, केनी बट्री हे १९६६ साली गायक-गीतकार बॉब डिलनच्या ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ या अल्बमवर वाजवत होते. डिलन स्टुडिओतच गाणं लिहीत बसायचा आणि ही मंडळी रात्र रात्र थांबायची. त्यातलं ‘सॅड-आयड लेडी ऑफ द लोलँड्स’ पहाटे ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा ते किती लांबणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता संपेल म्हणून वादक रंग चढवत, तर पुढचं कडवं सुरू होई. अकरा मिनिटांहून जास्त वेळ त्यांनी ते तोलून धरलं. नुसता रोजगार म्हणून वाजवणाऱ्याला हे जमत नाही.

दुसऱ्यांची गाणी? पहिल्या रेकॉर्डवर आहेत. पण तिथलं बीटल्सचं ‘हे ज्यूड’ ऐका: बँडमधल्या बॉबी थॉम्पसनच्या बँजोवर ते गाणं नव्यानं उभं राहतं. ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’मधलं ‘जस्ट लाइक अ वुमन’ही तिथे आहे, आणि मूळ गाण्यातही यांच्यातलेच हात होते.

टीव्हीची धून म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डवरची ‘स्टोन फॉक्स चेस’. बीबीसीने १९७१पासून ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या संगीताच्या कार्यक्रमासाठी ती वापरली. मॅकॉयचा तो माउथ ऑर्गन ब्रिटनमधल्या एका पिढीच्या कानात बसला. याला ‘उरली’ म्हणायचं?

आणि ‘संपला’ म्हणणाऱ्यांनी पुढची वर्षं पाहिलेलीच नाहीत. नॅशव्हिलमध्ये तीन-तीन तासांची ध्वनिमुद्रणाची सेशन्स दिवसाला तीन-चार असत. ती सोडून बँडच्या कार्यक्रमांसाठी गावोगाव हिंडणं या लोकांना परवडणारं नव्हतं. पण मॉस, बट्री आणि त्यांचा सहकारी मॅक गेडन यांनी लगेच ‘बेअरफूट जेरी’ हा नवा बँड उभा केला. बँडमधल्याच नॉर्बर्ट पुटनम आणि डेव्हिड ब्रिग्ज यांनी क्वाड्राफोनिक स्टुडिओ चालवला. गायक नील यंगच्या ‘हार्वेस्ट’ या अल्बममधली ‘हार्ट ऑफ गोल्ड’सारखी गाणी तिथेच झाली, आणि ड्रमवर होता बट्री.