कँब्रियनची सुरुवात ट्रायलोबाइटने झालेली नाही
लेख चांगलाय, पण ‘कँब्रियन काळ ट्रायलोबाइटपासून सुरू झाला’ हे वाक्य कृपया दुरुस्त करा. (कँब्रियन म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातला एक कालखंड; ट्रायलोबाइट म्हणजे आता नामशेष झालेले कवचधारी समुद्री जीव.) कँब्रियनचा पहिला टप्पा फॉर्च्युनियन, सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वीचा. ट्रायलोबाइट दिसतात ते त्यानंतर पावणेदोन कोटी वर्षांनी. खडकांत कँब्रियन जिथून सुरू झाला मानतात, ती सीमा १९९२ साली कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्युन हेडला ठरली, तीही सांगाड्यावरून नव्हे, तर समुद्रतळाच्या गाळात कुण्या जिवाने कोरलेल्या बिळांवरून. या बिळांचं नाव ट्रेप्टिक्नस पेडम. शरीर उरलं नाही, वाट तेवढी उरली! (पुढे तसलीच बिळं सीमेच्या काही मीटर खालीही सापडली, हेही लिहायला हवं होतं.) आमच्या गोकाकच्या धबधब्याचा वालुकाश्म या सीमेहूनही जुना मानतात. इथल्या मराठी शाळांच्या सहली तिथे जातातच, तेव्हा गुरुजींनी पोरांना पाण्याइतकाच खडकही दाखवावा.