गेटिसबर्ग म्हणजे अमेरिकेचं पानिपत? नाही हो!

जुलै उजाडला की हा फॉरवर्ड न चुकता येतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला. त्यातला एक तर सोसायटीचा, जिथे एरवी पाण्याच्या टँकरपलीकडे विषय जात नाही. मथळा : 'गेटिसबर्ग, अमेरिकेचं पानिपत'. मजकूर थोडक्यात असा : अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तर आणि दक्षिणेच्या फौजा पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात बुटांच्या कारखान्यापायी भिडल्या. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत युद्धाचा निकाल लागला. बाकीच्या सगळ्या किरकोळ चकमकी. आणि ९ एप्रिल १८६५ला दक्षिणेचा जनरल ली शरण आला, त्या दिवशी बंदुका थंडावल्या. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

चार विधानं आहेत, एकेक घेऊ.

बुटांच्या गोष्टीत थोडा तरी जीव आहे. दक्षिणेच्या फौजेत अनवाणी चालणारे शिपाई होते. हेन्री हेथ या दक्षिणी सेनापतीनेच आपल्या अहवालात लिहून ठेवलंय की ३० जूनला त्याने एक ब्रिगेड गेटिसबर्गात सामान, त्यातही मुख्यतः बूट, शोधायला धाडली होती. एवढ्या एका ओळीवर पुढे अख्खा कारखाना उभा राहिला. गावात तसा कारखाना नव्हताच. शिवाय चारच दिवस आधी, २६ जूनला, जुबाल अर्ली हा दुसरा दक्षिणी सेनापती गावातून फौज घेऊन गेला होता. त्याने गावाकडे चक्क खंडणी मागितली, यादीत बूटही होते, आणि हाती फारसं काही लागलं नाही. मग लढाई तिथेच का? नकाशा बघा. चाकाच्या आऱ्या तुंब्यात येऊन मिळाव्यात तसे दहा रस्ते त्या गावात येऊन मिळतात. एकमेकांचा माग काढत फिरणाऱ्या दोन प्रचंड फौजा अशाच जागी समोरासमोर येतात.

पहिला बार कसा निघाला ते फॉरवर्डमध्ये नाही, आणि मला तर तोच भाग सगळ्यात आवडतो. १ जुलैच्या सकाळी, साडेसातचा सुमार. उत्तरेच्या जॉन ब्युफोर्डने आपले घोडेस्वार पश्चिमेच्या रस्त्यावर पेरून ठेवले होते. त्यातल्या लेफ्टनंट मार्सेलस जोन्सला समोरून येणारी रांग दिसली. त्याने आपल्या सार्जंटकडून कार्बाइन, म्हणजे स्वारांची आखूड बंदूक, मागून घेतली, कुंपणाच्या आडव्या दांड्यावर टेकवली आणि लांबवर घोड्यावर बसलेल्या एका अधिकाऱ्यावर झाडली. कुणाला लागली नाही. एवढ्या मोठ्या लढाईची सुरुवात टेहळणीच्या चौकीवरून, उसन्या बंदुकीने झाली.

आता 'तीन दिवसांत निकाल'. लढाई भयंकर होती, यात वाद नाही. दोन्हीकडचे मिळून मेलेले, जखमी, बेपत्ता आणि पकडलेले ५० हजारांच्या आसपास जातात. ली पुन्हा एवढी मोठी फौज घेऊन उत्तरेत शिरू शकला नाही, हेही खरं. पण निकाल? दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, हजार किलोमीटरहून लांब मिसिसिपी नदीकाठी व्हिक्सबर्ग पडलं. ४७ दिवसांचा वेढा होता. तोफगोळ्यांच्या भीतीने गावकरी टेकड्यांत गुहा खणून राहत होते आणि शेवटी शेवटी खेचराचं मांसही खाल्लं जात होतं. जवळजवळ ३० हजारांची फौज उत्तरेच्या जनरल ग्रँटपुढे शस्त्रं ठेवून मोकळी झाली. ९ जुलैला खालच्या अंगाचं पोर्ट हडसन पडलं आणि सगळी नदी उत्तरेच्या हाती आली. टेक्सास, आर्कान्सा, लुइझियानाचा बराचसा मुलूख उरलेल्या दक्षिणेपासून तुटला. मला विचाराल तर त्या आठवड्यातली जास्त महागात पडलेली हार व्हिक्सबर्गची. फॉरवर्डमध्ये तिचं नावही नाही.

बरं, जुलै १८६३मध्ये निकाल लागला होता म्हणता, तर त्यानंतर दोनच महिन्यांनी चिकामॉगाला दक्षिण जिंकली कशी? आणि बरोबर वर्षाने, जुलै १८६४मध्ये, तोच जुबाल अर्ली वॉशिंग्टनच्या वेशीवर येऊन ठेपला कसा? फोर्ट स्टीव्हन्सच्या तटावर उभं राहून लिंकन ती चकमक बघत होता, आणि शत्रूच्या गोळ्या तिथवर पोचत होत्या. त्याच ऑगस्टच्या २३ तारखेला त्याने एक चिठ्ठी लिहिली. हे सरकार पुन्हा निवडून न येण्याचाच संभव फार, असा तिचा मजकूर. चिठ्ठी घडी करून बंद केली आणि आत काय आहे ते न दाखवता मंत्र्यांच्या सह्या पाठीवर घेतल्या. वर्षापूर्वी युद्ध जिंकून बसलेला माणूस असल्या चिठ्ठ्या लिहीत नाही. २ सप्टेंबरला उत्तरेच्या जनरल शर्मनने दक्षिणेचं अटलांटा शहर घेतलं, तेव्हा कुठे वारं फिरलं.

एक साक्षीदार आपल्या घरचाही आहे, मुंबईचा कापूसबाजार. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केल्याने अमेरिकी कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गेटिसबर्गाने युद्ध संपलं असतं तर हा फुगा १८६३मध्येच फुटायला हवा होता. झालं उलटंच. १८६४ हे मुंबईच्या सट्ट्याचं सगळ्यात बेफाम वर्ष. रोज नवी बँक, समुद्र बुजवून जमीन काढणारी नवी रेक्लमेशन कंपनी. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला दिलेली देणगीही त्याच वर्षातली. बाजार कोसळला तो १८६५मध्ये, युद्ध खरोखर संपल्याच्या बातम्या आल्यावर. त्या व्यापाऱ्यांना युद्धशास्त्र कळत नसेल, पण युद्ध चालू आहे की नाही, हे त्यांना आपल्या फॉरवर्डकाराहून बरं कळत होतं.

तिसरं विधान, 'किरकोळ चकमकी'. माझं खरं भांडण याच्याशी आहे. या युद्धात लहानमोठ्या मिळून दहा हजारांवर लढाया-चकमकी नोंदल्या गेल्या. अमेरिकी सरकारने नेमलेल्या आयोगाने त्यातल्या ३८४ महत्त्वाच्या म्हणून निवडल्या. म्हणजे आपण जी पाच-सात नावं घेतो, ती किती वरवरची आहेत बघा.

बेंजामिन ग्रिअरसनचंच घ्या. उत्तरेच्या बाजूचा, इलिनॉयचा हा संगीतशिक्षक. लहानपणी घोड्याने लाथ मारल्यापासून त्याला घोडी नको वाटायची, आणि फौजेने त्याला दिलं घोडदळ. १७ एप्रिल १८६३ला तो १७०० स्वार घेऊन टेनेसीतल्या ला ग्रेंजहून निघाला, थेट मिसिसिपी राज्याच्या पोटातून. वाटेत आजारी आणि थकलेल्या स्वारांची तुकडी काढून परत पाठवली. हेतू दुहेरी होता. दमलेले परत जातील, आणि पाठलाग करणाऱ्यांना वाटेल की सगळेच परतले. पुढे काही सार्जंट-शिपाई शत्रूच्या वेशात वाट काढत. २४ एप्रिलला न्यूटन स्टेशनवर त्यांनी दोन गाड्या पकडून जाळल्या, रूळ उखडले, तारा तोडल्या. व्हिक्सबर्गला रसद जायची ती याच लोहमार्गाने. दक्षिणेचा सेनापती पेम्बर्टन त्याच्यामागे घोडदळ पळवत बसला आणि ३० एप्रिलला ग्रँटने आपली फौज शांतपणे मिसिसिपीपार उतरवली. २ मेला ग्रिअरसन धूळमाखल्या स्वारांनिशी बॅटन रूजला, आपल्या लोकांत पोचला. सोळा दिवसांत साडेनऊशे किलोमीटर. एकही नाव घेण्याजोगी लढाई नाही, पण व्हिक्सबर्गचा फास आवळला गेला तो इथून. ज्यांच्या शाळेच्या पुस्तकात गनिमी काव्याचा धडा होता, त्यांनी तरी याला किरकोळ म्हणू नये.

मिझुरी राज्यात तर मोठ्या फौजा फारशा नव्हत्याच, तरी चकमकींच्या संख्येत व्हर्जिनिया आणि टेनेसीनंतर तिचाच नंबर. तिथल्या दक्षिणेच्या बाजूच्या टोळीवाल्या क्वांट्रिलने २१ ऑगस्ट १८६३ला शेजारच्या कॅन्ससातल्या लॉरेन्स गावात शिरून दीडशेच्या वर पुरुष आणि पोरं मारली. बदला म्हणून उत्तरेच्या सेनापतीने सीमेवरच्या परगण्यांतली वस्ती उठवली. त्या बायाबापड्यांना गेटिसबर्गाचा निकाल ऐकवून काय उपयोग?

आणि पानिपताची उपमा द्यायचीच, तर पानिपतही एका दिवसाचं नव्हतं. १४ जानेवारीच्या आधी कित्येक आठवडे भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटली होती. आणि दहा वर्षांत मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या.

राहिलं ९ एप्रिल. त्या दिवशी ॲपोमॅटॉक्सला लीने शरणागती लिहून दिली ती आपल्या एका फौजेपुरती. २६ एप्रिलला दक्षिणेचा दुसरा सेनापती जोसेफ जॉन्स्टन शरण आला. त्याच्या हुकमतीखालचे सैनिक लीच्या सैनिकांहून कितीतरी जास्त होते. १२-१३ मेला टेक्सासात पाल्मिटो रँचला पुन्हा लढाई झाली आणि ती दक्षिणेने जिंकली! तिथे इंडियानाचा जॉन विल्यम्स नावाचा शिपाई मेला. युद्धातला शेवटचा बळी म्हणून त्याचंच नाव घेतात. २३ जूनला दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या, चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या सरदार स्टँड वेटीने हत्यारं खाली ठेवली.

त्याच सुमाराला बेरिंगच्या समुद्रात दक्षिणेचं 'शेनँडोआ' जहाज उत्तरेची देवमासे पकडणारी जहाजं जाळत होतं. युद्ध संपल्याची खात्री कप्तान वॉडेलला पटली ती ऑगस्टमध्ये, एका ब्रिटिश जहाजाकडून. मग त्याने तोफा खाली उतरवून ठेवल्या, केप हॉर्नला वळसा घातला आणि ६ नोव्हेंबर १८६५ला दक्षिणेचा झेंडा उतरवला. कुठे, तर आपल्याकडच्या कापसाच्या गाठी ज्या बंदरात उतरत, त्या लिव्हरपूलला.