‘औषध सोडा, विश्वास धरा’ हा संदेश पुढे पाठवण्याआधी

आमच्या मंडळीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनवर हा संदेश येऊन गेला आहे. वर क्रूसाचे चित्र आणि खाली मजकूर: ज्याचा प्रभूवर दृढ विश्वास आहे त्याला आजार शिवत नाही. औषध घेणे म्हणजे देवावर अर्धाच भरवसा ठेवणे. प्रार्थना करूनही गुण येत नसेल तर तुमच्या विश्वासात खोट आहे. मनात शंका आली की आशीर्वाद थांबलाच. शेवटी, आमेन लिहा आणि दहा जणांना पाठवा.

मी तो पहिल्यांदा वाचला माझ्या आत्याच्या फोनवर. आत्याला सतरा वर्षांचा मधुमेह. तिने इन्सुलिन बंद केले होते आणि घरात कुणालाच सांगितले नव्हते. फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्याशेजारी, तीन बाटल्या सील न तोडता तशाच पडून होत्या. डाव्या अंगठ्याला चपलेने सोलवटलेली जागा काळी पडली होती आणि त्यावर ती रोज अभिषेकाचे तेल लावत होती. मी ओरडले तेव्हा म्हणाली, “डॉक्टरकडेच जायचं तर मग प्रार्थना कशाला केली, असं होतं ना गं.” अंगठा काढावा लागला. पाय वाचला, त्याबद्दल प्रभूची स्तुती.

देव बरे करतो यावर माझाही विश्वास आहे. आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करताना मी मनापासून मागते. पण हा संदेश शास्त्राच्या नावावर जे सांगतो, ते शास्त्रात नाही.

आजार शिवत नाही, या म्हणण्याला आधार दिला जातो ९१ व्या स्तोत्राचा. हे स्तोत्र मलाही पाठ आहे, करोनाच्या दिवसांत आम्ही ते रोज रात्री म्हणायचो. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडा. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभा करतो आणि खाली उडी टाक म्हणतो, तेव्हा तो याच स्तोत्रातली वचने ऐकवतो. देवदूत तुला झेलतील, तुझ्या पायाला दगडही लागणार नाही. प्रभू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नकोस, एवढेच सांगतो. इन्सुलिन बंद करून देव काय करतो ते बघत बसणे ही मला तीच उडी वाटते.

आणि प्रेषितांच्या आसपासची माणसे पाहा. इफिसात प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन घातले तर आजारी बरे होत होते. त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारात जाऊन आला. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचे पोट वारंवार बिघडायचे. यांचा विश्वास कच्चा होता असे पौल एका अक्षरानेही म्हणत नाही. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा राहिला आणि उत्तर मिळाले, माझी कृपा तुला पुरे आहे.

औषधाबद्दल फार लिहायला नको, हिज्कीया राजाची गोष्ट पुरेशी आहे. तो मरणाला टेकला होता, रडून प्रार्थना केली, आणि देवाने त्याला आणखी १५ वर्षांचे वचन दिले. वचन मिळाले म्हणजे काम झाले ना? पण यशया संदेष्टा काय सांगतो, तर अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर बांधा. तीमथ्याला पौल पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच. आपल्याकडे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले, ते विश्वास अर्धा होता म्हणून नव्हे. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही तिथे आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांतल्या मुली मिशन दवाखान्यांत नर्स झाल्या, त्या पगारावर घरे उभी राहिली. त्यांनी आयुष्यभर जे केले ते अविश्वासाचे काम होते, असे त्यांच्या तोंडावर कोण म्हणेल?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात क्रूर वाटतो. गुण आला नाही तर खोट तुमच्या विश्वासात. आजारी माणूस आधीच खचलेला, त्यात त्याच्या छातीवर हा दगड. सगळे गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र नेमके हेच बोलत होते आणि अखेरीस देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर भडकला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे? येशू म्हणाला, याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही. लूकनेच लिहिलेल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा प्रेषित याकोबाला तलवारीने मारतो आणि त्याच अध्यायात देवदूत पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो. याकोबाचा विश्वास पेत्रापेक्षा कमी पडला असे लूक लिहीत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ११ व्या अध्यायातही कुणी सिंहांची तोंडे बंद केली आणि कुणी करवतीने चिरले गेले, आणि दोघेही एकाच विश्वासाच्या यादीत आहेत.

हा संदेश पाठवणारेच पंडिता रमाबाईंचे नाव फार घेतात. त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली जे आत्मिक जागरण झाले, त्याच्या साक्षी अजून सांगितल्या जातात. मग पुढचेही सांगा. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती काम सोपवायचे होते ती. तेव्हा रमाबाईंच्या बाप्तिस्म्याला जवळजवळ ३८ वर्षे झाली होती. त्या बाईने प्रार्थना केली नसेल? लेक गेल्यावरही इब्री-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी सोडले नाही, ते पुरे केले, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. दृढ विश्वास म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे त्या बाईचे ते शेवटचे वर्ष येते. दानिएलाच्या पुस्तकात, राजाच्या मूर्तीला नमन केले नाही म्हणून पेटत्या भट्टीपुढे उभे केलेले ते तिघे राजाला म्हणाले होते, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवले तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. ‘नाही सोडवले तरी’ हे शब्द संदेशवाल्यांनी कुठे टाकले?

शंकेचे म्हणाल, तर संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, असे याकोब आपल्या पत्रात लिहितो खरा (हेरोदाने मारला तो नव्हे, हा दुसरा याकोब). पण तो बोलतो आहे दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याबद्दल, रडत प्रभूकडे येणाऱ्याबद्दल नाही. मार्काच्या शुभवर्तमानात एक बाप ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. प्रभू त्याला परत पाठवत नाही, त्याच्या मुलाला बरे करतो.

आणखी एक गोष्ट आमच्या पाळकसाहेबांकडून कळली. विश्वास, विश्वासूपणा यासाठी जुन्या करारात जो एमुना हा इब्री शब्द येतो, तो आमेनचाच सख्खा. निर्गमाच्या पुस्तकात मोशेच्या हातांसाठी तो वापरला आहे. अमालेक्यांशी लढाई चालू होती, मोशेचे हात जड झाले, खाली यायला लागले. मग त्याला दगडावर बसवले आणि एका बाजूने अहरोन, दुसऱ्या बाजूने हूर असे हात धरून उभे राहिले. असे त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले. ‘स्थिर’ म्हणजे तिथे एमुना. मोशेचे हात त्याच्या एकट्याच्या ताकदीने वर राहिले नव्हते.

आत्याकडे आता दर मंगळवारी बायकांची प्रार्थना असते. शेजारच्या मावशी आधी तिचे बोट टोचून साखर बघतात, आकडा कॅलेंडरवर लिहितात, इन्सुलिन घेतले का विचारतात. मग गीत सुरू होते. आत्याला फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून प्रार्थनेला सगळ्या उठल्या की दोघी तिला दोन्ही बाजूंनी धरतात.