डोक्याचा उतारा

परवा बेळगावात चन्नम्मा चौकातल्या सिग्नलला तुम्ही माझ्या शेजारीच उभे होता. तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतंय, कारण तुमचं हेल्मेट कोरं होतं. काचेवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा अजून काढलेला नव्हता. ते तुम्ही डाव्या कोपरात अडकवलं होतं. सिग्नल सुटला, पुढं पांढरा शर्ट आणि खाकी पँट दिसली, तसं एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं तुम्ही ते डोक्यावर टेकवलं, देवाला टोप चढवावा तसं. पांढरा शर्ट मागं पडला आणि हेल्मेट परत कोपरात आलं. मी बघतच राहिलो. अशा गुणी माणसाला चार गोष्टी सांगाव्यात असं तेव्हापासून मनात आहे.

कोपराला कमी लेखू नका, ही पहिली गोष्ट. मी अनुभवानं सांगतोय. उचगावला मळेकरणी देवीचं जेवण जेवून परत येत होतो. ऊस हंगामाचे दिवस होते आणि ट्रॉलीतनं पडलेलं वाडं रस्ताभर पसरलेलं. दवानं ओलं झालेलं वाडं आणि झिजलेला टायर यांची गाठ पडली की काय होतं ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. हेल्मेट तुमच्यासारखंच कोपरात होतं. सांगायला आनंद वाटतो की कोपराला एक ओरखडा आला नाही. कपाळाला सात टाके पडले, ते सोडा. आजही पाऊस लागला की कपाळ ठणकतं, पण कोपर एकदम ठणठणीत.

आता दंडाचं बघू, कारण आपण हेल्मेट घालतो ते दंडापासून डोकं वाचवायला, रस्त्यापासून नव्हे. 2019 साली दिल्लीनं कायदा बदलला आणि बिनहेल्मेटला हजार रुपये दंड, वर तीन महिने लायसन बंद, असं ठरवलं. कर्नाटकानं त्याच सप्टेंबरात हजाराचे पाचशे केले. महाराष्ट्रानं 2021 च्या डिसेंबरात आपले दर काढले, तिथंही पाचशेच. 1956 पासून या दोन राज्यांचं एका गल्लीवरसुद्धा एकमत झालेलं नाही, 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, पण तुमच्या उघड्या डोक्याचा भाव मात्र दोघांनी न भांडता एकच लावला. हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडं पाचशे, पलीकडं पाचशे. इतका सलोखा सीमाभागानं दुसऱ्या कुठल्या बाबतीत बघितला असेल तर मला कळवा.

आणि दंड भरायची घाई तर मुळीच करू नका. 2023 च्या फेब्रुवारीत कर्नाटकात थकलेल्या दंडावर निम्मी सूट मिळाली होती. ज्यांनी वेळच्या वेळी भरला होता ते हात चोळत बसले. तेव्हा पाचशे हा छापील भाव समजायचा. शहाणा गिऱ्हाईक सेलची वाट बघतो.

पोलिसानं अडवून ‘हेल्मेट यल्ली?’ म्हणून विचारलं तर कन्नड येत नाही असं सांगायची आपली जुनी पद्धत आहे. ती वापरा, पण एक लक्षात ठेवा, बेळगावातल्या पोलिसाला बहुतेक वेळा मराठी येत असतं. ‘मग हेल्मेट कुठाय ओ?’ एवढं तो व्यवस्थित विचारतो. वळणावरच्या पाटीच्या बाबतीत मात्र आपण ठाम आहोत. ती कन्नडमध्ये असेल तर आपण वाचत नाही, आणि मराठीत असेल तर आपल्याला आधीच माहीत असतं. वळणाला यातलं काही कळत नाही. ते आपलं वळतंच.

काही लोक इतिहासाचे दाखले देऊन तुम्हाला भुलवायला बघतील. म्हणतील, शाळेत शिकला होतास न्हवं, 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज खानाला भेटायला गेले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होतं आणि मंदिलाखाली लोखंडी टोप? लढाईला नव्हे, नुसत्या भेटीला चालले होते, तरी टोप? अशा माणसाशी वाद घालू नका. आपण शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघायला तिघं एका गाडीवर बसून, फेटे बांधून, घोषणा देत निघालेलो असतो. फेटा आपण घेतलेला आहे. आतला टोप तेवढा राहिला, एवढंच.

नवरात्रात दुर्गामाता दौडीला भल्या पहाटे निघायचं तर डोक्याला टोपी नाहीतर फेटा हवाच. उघड्या डोक्यानं गेलं तर आपलं आपल्यालाच कसंतरी होतं. बरं, दौड पायी. ती संपली की टोपी घडी करून खिशात जाते, गाडीला किक बसते आणि काटा सत्तरवर. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात, ते तर तुम्ही बघितलंच असेल. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसं, अशी सजलेली म्हैस सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागं सुसाट धावते. दोघांच्या डोक्यांची तुलना केली तर काळजी कुणाची जास्त घेतली आहे ते सांगायला नको. म्हशीची किंमत लाखात असते, हेही खरं.

‘इथंच जाऊन येतो की’ हा आपला सगळ्यात जुना आणि भरवशाचा मंत्र. दूध आणायला, चक्कीवर, पोराला ट्यूशनला सोडायला. इथंच जाणाऱ्याला अपघात होत नाही, अशी आपली श्रद्धा आहे आणि श्रद्धेच्या आड मी येणार नाही. फक्त शाळेतल्या मास्तरांनी शिकवलेला एक हिशेब आठवतो. उभ्या गाडीवरनं माणूस नुसता आडवा झाला, तरी दीड मीटरवरनं खाली येणारं डोकं जमिनीला ताशी 19-20 किलोमीटरच्या वेगानं भेटतं. यात गाडीचा वेग अजून धरलेला नाही. बघा जमलं तर, गुरुत्वाकर्षणाला ‘कोपऱ्यापर्यंतच चाललोय ओ’ म्हणून सांगून.

तरीही घरच्यांच्या आग्रहाखातर घ्यायचंच झालं तर कसं घ्यावं? हेल्मेटमधली खरी वस्तू म्हणजे आतला बोटभर जाडीचा थर्माकोल. डोकं आपटलं की तो चेपतो, चेपताना क्षणाचा काही भाग वेळ काढतो, आणि तेवढ्यात मेंदूला थांबायला जागा मिळते. एकदा चेपला की त्याचं काम संपलं, तो परत फुगत नाही. म्हणून तुम्ही थर्माकोल बघू नका. रंग बघा, मागं कवटीचं चित्र आहे का बघा, आणि हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेलं असेल तेच घ्या. 2021 च्या जूनपासून आयएसआय शिक्का नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. त्यामुळं शिक्का हमखास मिळतो, आत काही असो नसो. उद्यमबागेत फाउंड्रीला असाल तर तोही खर्च नको. वरनं पडलेला नटबोल्ट झेलायला दिलेली पिवळी टोपी असतेच. आणि पट्टा लावू नका. पट्टा न लावलेलं हेल्मेट प्रसंगी डोक्याच्या आधी आणि डोक्यापेक्षा लांब जाऊन पोचतं, नंतर ते सापडतंही एकदम सुस्थितीत.

मागं बसणाऱ्याचा प्रश्न तर आपण कधीच सोडवला आहे. कर्नाटकात 2016 च्या जानेवारीपासून मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, पण लग्नाला निघालेल्या वहिनींचा गजरा कुणी चेपायचा? त्यांच्या डोक्यावर पदर आहे, पुष्कळ झालं. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या पोराला हेल्मेट, बांधायला पट्टे आणि गाडीला चाळिसाची मर्यादा, असाही नियम 2022 साली निघाला. आमच्या गल्लीत तो अजून यायचा आहे. तोवर पोरगं टाकीवर बसतं, डोळ्याला बापाचा गॉगल, आणि हॉर्न वाजवायचा मान त्याचा.

आकडे कुणी तोंडावर फेकले तर घाबरू नका. सरकारी हिशेबात 2022 साली देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण अपघातात दगावले, त्यात 14,337 मागं बसलेले. वाचायला आकडा मोठा वाटतो, पण त्यात तुमचं नाव नाही, मग काळजी कसली? जगभरचे अभ्यास एकत्र करून कुणीतरी असंही काढलंय की हेल्मेटनं मरणाचा धोका 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे बाकीचा राहिलाच की! असल्या अर्ध्यामुर्ध्या वस्तूवर कशाला पैसे घालायचे? छत्री घेतली तरी पाय भिजतातच, म्हणून तर बेळगावच्या पावसात तुम्ही छत्री घेत नाही. घेता?

राहिला तुमचा हुकमाचा एक्का. ‘माझं डोकं, माझी मर्जी.’

हे मला सगळ्यात आवडतं. फक्त एकदा उतारा काढून बघा. जमिनीचा काढतो तसा, डोक्याचा. कब्जेदार म्हणून पहिलं नाव तुमचं, यात वाद नाही. खाली बायकोचं. मग पोरांची, अज्ञान, पालनकर्ता तुम्हीच. मग आईचं, तिच्या बीपीच्या गोळ्या दर महिन्याला तुम्हीच आणता. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. गाडी कर्जावर, जामीन तुमचा साडू, त्याला अजून आठवतही नाही आपण कुठं सही केली ते. बायकोनं महिला गटातनं घेतलेले तीस हजार वेगळेच. सर्व्हेअर आणून मोजणी केली तर तुमच्या एकट्याच्या नावावर जे क्षेत्र भरेल ते कटिंगला बसल्यावर खाली पडतं तेवढंच. एरवी सामायिक जमिनीत विचारल्याशिवाय बांध रेटला तर सख्खा भाऊ कोर्टात जातो. या क्षेत्राच्या बाबतीत कुणी जात नाही. दारात उभं राहून ‘सावकाश जा’ म्हणतात आणि आत जातात. तेव्हा तुम्ही निर्धास्त राहा.

मर्जीच्या बाजूनं साक्षीदार लागला तर माझा मावसभाऊ आहे. तो कुंद्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या आटवलेल्या दुधाच्या मिठाईच्या, कढईवर होता. कुंदा करणाऱ्याला घड्याळ लागत नाही, लागतं ते नाक. दूध आटत आटत तपकिरी व्हायला लागतं, एक खरपूस वास सुटतो, आणि तो वास करपण्याकडं झुकायच्या आत कढई हलवायची असते. मधे जेमतेम मिनिटाचा खेळ. हा पाठमोरा गप्पा मारत असला तरी मधेच ‘आता!’ म्हणायचा आणि ते बरोबर असायचं. पंधरा वर्षं त्याची एक कढई फुकट गेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी रात्री दुकान बंद करून तो शहापुरातनं वडगावला घरी चालला होता. इथंच. कुत्रं आडवं आलं. वेग तीससुद्धा नसेल. हेल्मेट दुकानात खुंटीला होतं. डोक्याला मागं खोक पडली, चार दिवस दवाखान्यात काढले आणि आला घरी. सगळे म्हणाले, देवानं वाचवलं. घरी आल्यावर मावशीनं आमटीला लसणाची फोडणी दिली. आम्ही सगळे ठसकलो आणि हा शांत बसून राहिला. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. वासाचे बारीक तंतू नाकातनं वर मेंदूकडं जातात ते चाळणीसारख्या एका हाडातनं. मेंदू जोरात हादरला की तिथंच ते तुटतात. काहींचे परत जुळून येतात. सहा महिने वाट बघितली, वर्ष बघितलं. याचे नाही आले.

मालक माणूस बरा, त्यानं कामावरनं काढलं नाही. आता हा काट्यावर बसतो, पाव किलो, अर्धा किलो करतो, वर दोरा गुंडाळून देतो. कढईवर दुसरा पोरगा आहे. तो अधूनमधून करपवतो, आणि ते याला गिऱ्हाईकाच्या तोंडाकडं बघून कळतं.

गेल्या आठवड्यात त्याच्याकडं गेलो होतो. वहिनी माहेरी गेलेली. यानं चहासाठी गॅसवर दूध ठेवलं आणि आम्ही बाहेरच्या खोलीत बोलत बसलो. बोलता बोलता तो थांबला, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

‘करपायलंय काय रे?’

आत जाऊन बघितलं. दूध अजून नीट तापलंही नव्हतं. नाही म्हटलं आणि येऊन बसलो. दोन मिनिटांनी त्यानं परत विचारलं.