डोंगर जाळून गवत वाढत नाही, कुसळी वाढते

शिमगा जवळ आला की आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दरवर्षी एक मजकूर फिरायला लागतो. मजकूर असा: वणवा उन्हानं आपोआप लागतो, डोंगर जाळला की राखेचं खत होतं आणि पावसाळ्यात गवत जोमानं येतं, अमेरिकेत सरकारच जंगलं जाळतं, आपलं वन खातंही जाळतं, आणि एकदा पेटलेला डोंगर विझवणं माणसाच्या हातात नसतं. खाली लिहिलेलं असतं, ‘प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा.’ तो पोहोचलाय. आमच्या मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगरात काळे पडलेले उतार बघितले की कळतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

उन्हानं आपोआप लागतो, हे आधी. वैशाखात आपला पारा ४२-४३ अंशांवर जातो, उघडा खडक साठीच्या घरात तापतो. वाळलं गवत पेटायला मात्र २५० अंशांच्या पुढची धग लागते. एवढा फरक ऊन भरून काढत नाही, काडी काढते. विजेनं वणवे लागतात, पण ते मुख्यतः कॅनडा आणि पश्चिम अमेरिकेत, जिथं कोरड्या ढगांतून वीज पडते. आपल्याकडं वीज बहुतेक वेळा वळवाचा पाऊस सोबत घेऊनच येते. बांबूवर बांबू घासतो म्हणावं, तर बीड-धाराशिवच्या उघड्या डोंगरांवर बांबूची बेटं आहेत कुठं? भारतातले ९० टक्क्यांहून अधिक वणवे माणसामुळं लागतात, असं वन खात्याच्या पाहण्या वर्षानुवर्षं सांगतात. कसे लागतात हे गावाला ठाऊक असतं. कुणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, जाळतो आणि वारं सुटतं. कुणी मोहोळ झाडायला टेंभा पेटवतो आणि तो तिथंच टाकून येतो. किनवट-माहूरच्या सागाच्या रानात मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही पेटवतात. यात कुणाच्या मनात पाप नसतं. पण आग लागली ती माणसाच्या हातानं लागली, एवढं तरी मान्य करू.

आता गवताचं. या मुद्द्यात थोडं खरं आहे, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. जळालेल्या रानात लवकर हिरवे कोंब दिसतात. ते राखेमुळं येत नाहीत. गवताच्या मुळांत साठलेलं अन्न खर्चून येतात, आणि वरचं वाळलं गवत गेल्यानं नजरेत भरतात. दरवर्षी जाळलं की ती साठवण आटत जाते. शेडा, मारवेल ही गुरांच्या आवडीची बहुवर्षी गवतं विरळ होतात आणि टोचऱ्या कुसळांची कुसळी माजते. तिच्या बियांची कुसळं ओल लागली की पीळ सोडतात, वाळली की पुन्हा पीळ घालतात. असं करत बी मातीत रुततं आणि वरून आग गेली तरी शाबूत राहतं. जाळणारा गुरांच्या चाऱ्यासाठी जाळतो आणि पदरात कुसळी पाडून घेतो. मेंढपाळाला विचारा. दिवाळीनंतर ही कुसळं मेंढीच्या लोकरीत, कातडीत, तोंडात रुततात. कुसळीचा चारा हवाच असेल तर ती फुलोऱ्यात यायच्या आत, श्रावण-भाद्रपदात कापावी. तेव्हा गुरं ती आवडीनं खातात.

राखेचं खत होतं म्हणतात. राखेत पालाश आणि चुना उरतो हे खरं. पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे निघून जातो. उसाच्या पाचटाचं उदाहरण घ्या. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि ३२ ते ४० टक्के कर्ब असतो. काडी लावली की हे जवळजवळ सगळं हवेत. उरलेली राख डोंगरउतारावर टिकत नाही. वैशाखातला वारा ती उडवतो, उरली तर पहिला पाऊस धुऊन नेतो.

आणि माझा खरा जीव तुटतो तो या पहिल्या पावसासाठी. गवताच्या बुंध्यांनी अडवलेलं पाणी उतारावर थांबत थांबत उतरतं आणि जमिनीत मुरतं. तेच रान जळून उघडं पडलं की मृगाचे टपोरे थेंब सरळ मातीवर आदळतात, बारीक माती आणि राख मिळून वरची भोकं बुजतात, आणि पाणी गाळ घेऊन खाली धावतं. तो गाळ कुठं जातो? गावानं घाम गाळून खोदलेल्या समतल चरांत, नाला बांधात, पाझर तलावात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे विसरायला अजून फार वर्षं झाली नाहीत. अशा मुलखात पाणी मुरवणारं गवत आपणच जाळायचं आणि पुढच्या चैत्रात टँकरची वाट बघायची, हे मला सोसत नाही.

अमेरिकेचा दाखला अर्धवट आहे. तिथं जमिनीवर साठलेला काडीकचरा पेटून आग शेंड्यांवर चढते आणि शेंड्याशेंड्यांनी पळते. ती आवरत नाही. म्हणून वारा, हवेतली ओल, उतार मोजून, विझवणारी माणसं चहूबाजूंनी उभी करून थोडा थोडा भाग जाळतात. सिकोयासारख्या झाडांचे शंकू आगीच्या धगीनं उघडून बी सोडतात, हेही खरं. पण आपल्या सागाला, धावड्याला आगीची अशी गरज नाही. मोठी झाडं जाड सालीमुळं वाचतात आणि आपल्याला वाटतं, जंगलाला काही झालं नाही. खाली वाकून बघा. वीतभर रोपटं जळतं, मुळातून फुटतं, पुढल्या वर्षी पुन्हा जळतं. त्याचं झाड होतच नाही. शिवाय टिटवी, चंडोल, तित्तर जमिनीवर अंडी घालतात, त्यांची वीणही याच दिवसांत सुरू होते.

वन खातं जाळतं ती जाळरेषा. १५ फेब्रुवारीच्या आत ठरावीक रुंदीचा पट्टा जाळून मोकळा करतात, म्हणजे पुढं आलेला वणवा तिथं अडतो. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं.

राहिलं विझवणं. आपला वणवा जमिनीवरून सरकणारा, बहुतेक वेळा गुडघ्याएवढ्या ज्वाळांचा. आठ-दहा माणसं निंबाच्या, पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन वेळेत गेली तर तो आटोक्यात येतो. मी स्वतः तीनदा गेलोय. जळालेल्या बाजूनं शिरायचं, कडेकडेनं झोडपत तोंडाकडं जायचं. आगीच्या वरच्या अंगाला चढावर कधीच उभं राहायचं नाही, कारण चढावर आग माणसापेक्षा वेगानं पळते. अंगात टेरिकॉट, नायलॉन नको, सुती कपडे हवेत. दुपारी वारं असतं. आग मोठी असेल तर कड धरून ठेवायची आणि पहाटे वारं पडलं, दंव उतरलं की शेवटचा मारा करायचा. विझल्यावर धुमसते बुंधे माती टाकून थंड करायचे. एकदा आम्ही तेवढं न करता घरी आलो, आणि दुपारी तोच डोंगर पुन्हा पेटला होता. ज्वाळा पुरुषभर उंच असतील तर जवळ जायचंच नाही, १९२६ वर वन विभागाला कळवायचं.

यंदा पौषातच आम्ही गायरानाच्या कडेनं दहा फुटांचा पट्टा कापून घेतला. सोळा माणसं, दोन दिवस. कापलेलं गवत ज्यानं त्यानं गुरांसाठी घरी नेलं.