गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला आधी नारिंगी छटा हवी

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर त्वचेपेक्षा दोन छटा उजळ कन्सीलर (डाग झाकणारे, त्वचेच्या रंगाचे प्रसाधन) थेट लावावा, असा सल्ला मेकअपवरच्या एका लेखात वाचला. सोलापुरात नववधूंचा मेकअप करणारी म्हणून मला तो पटत नाही. निळसर-तपकिरी झाक असलेल्या जागेवर उजळ थर दिला, की तिथे राखाडी पट्टा उमटतो आणि छायाचित्रात तो अधिकच उठून दिसतो. रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी येतो आणि समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात; म्हणून आधी नारिंगी करेक्टरने (नको असलेली झाक दाबणाऱ्या रंगीत प्रसाधनाने) निळसरपणा दाबावा आणि मगच त्वचेच्या रंगाचा कन्सीलर लावावा. गोऱ्या त्वचेला फिकट पीच पुरते, पण आपल्याकडच्या गव्हाळ वर्णाला गडद पीच किंवा नारिंगी, तर सावळ्या वर्णाला त्याहून गडद, लालसर नारिंगी लागते. हा फरक लेखात यायलाच हवा होता.

थर अगदी पातळ असावा आणि तो फक्त काळसर भागावर, अनामिकेने हलकेच थोपटून बसवावा. मे महिन्यातल्या लग्नांत, पारा 40 अंशांपलीकडे गेलेला असताना, जाड थर घामाने बारीक रेषांत साचतो. डोळ्यांखालच्या खळगीमुळे पडणारी सावली मात्र करेक्टरने जात नाही, हे मुलींना आधीच सांगावे. रात्री हा मेकअप उतरवताना खसाखसा चोळू नये, कारण सततच्या घर्षणाने तिथली नाजूक त्वचा आणखी काळवंडते.